दाभोळ: परवानग्या होत्या, नियमन नव्हतं

मराठीत वीज आणि नियमन हे शब्द शेजारी आले की आधी अंधारच आठवतो. भारनियमन. पेपरात छापून येणारं वेळापत्रक, खिडकीत तयार ठेवलेली मेणबत्ती, रात्री दोन वाजता मोटर चालू करायला बांधावरून जाणारा शेतकरी, एवढं सगळं त्या एका शब्दात बसतं. त्यामुळे 'महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग' हे नाव ऐकून, वीज कधी घालवायची ते ठरवणारी ही कचेरी असावी, असा कोणाचा समज झाला तर त्याला हसण्यात अर्थ नाही. आयोगाचं काम मात्र दुसरंच आहे. विजेला इतके पैसे का पडतात, ते कोणी भरायचे आणि विकणाऱ्याने त्यातला नफा किती घ्यायचा, हे हिशेबाचे कागद उघडे करून सगळ्यांदेखत ठरवायचं.

हे काम कोणाकडेच नसलं तर काय होतं, ते महाराष्ट्राने एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या निमित्ताने पाहिलं. आज तो विषय निघाला की लाचखोरीचे आरोप, गुहागरची आंदोलनं आणि प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची गर्जना आठवते. माझा मुद्दा त्यापेक्षा रुक्ष आहे. या प्रकल्पाला परवानग्यांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई होती ती एका साध्या प्रश्नाचं उत्तर देण्याची जबाबदारी असलेल्या माणसाची: इतकी वीज, या दराने, आत्ता घ्यायला हवी का?

आधी एक भूगोल सांगून टाकतो. नाव दाभोळचं असलं तरी प्रकल्प दाभोळात नाही. दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे, गुहागर तालुक्यात, गोपाळगडाच्या अंजनवेलजवळ. जमीन गेली ती अंजनवेल, वेलदूर, रानवी या बाजूच्या गावांची, आणि नाव झालं समोरच्या बंदराचं.

घाईचे दिवस

१९९१ साली देशाची परकीय गंगाजळी आटली होती आणि राज्यांची वीज मंडळं कर्जात होती. केंद्राने १९४८ च्या वीज पुरवठा कायद्यात दुरुस्ती करून खासगी आणि परदेशी कंपन्यांना वीजनिर्मितीची दारं उघडली. पुढच्या वर्षी भारतीय अधिकारी गुंतवणूकदार शोधत अमेरिकेला गेले. जूनमध्ये एन्रॉनची माणसं इकडे आली आणि २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. पाहुण्यांच्या आगमनापासून सहीपर्यंत काही दिवसच लागले. निविदा निघाली नाही. दुसऱ्या कोणाला दर विचारला गेला नाही.

दाभोळ वीज कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के. एकूण २,०१५ मेगावॉटचं केंद्र दोन टप्प्यांत उभं राहायचं होतं. पहिला टप्पा ६९५ मेगावॉटचा, आणि पुढे सगळं आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालवायचं. इंधन डॉलरमध्ये, यंत्रं डॉलरमध्ये, कर्जाचा मोठा भाग डॉलरमध्ये. ग्राहक मात्र रुपयात पगार घेणारा.

त्या काळी विजेचा दर तपासायचा कोणी, याचं उत्तर कायद्यात धूसर होतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क या राज्यांनी १९०७ सालीच त्यासाठी आयोग नेमले होते. त्यामागचा सौदा सरळ होता. गावात एकाच कंपनीच्या तारा राहणार, म्हणजे ग्राहकाला दुसरं दुकान नाही. मग कंपनीने आपली खातेवही आयोगापुढे उघडावी, आयोगाने तिला रास्त नफा मंजूर करावा आणि त्यापलीकडे तिने हात मारू नये. आपल्याकडे १९४८ नंतर वीज मंडळं आली. मंडळच वीज तयार करायचं, तेच वाटायचं, दर तेच ठरवायचं आणि डोक्यावर मंत्री बसायचा. सासूही तीच आणि सूनही तीच. सगळं घरातल्या घरात असेपर्यंत हे कसंबसं चाललं, कारण तोटा झाला तरी तो सरकारी खिशातून सरकारी खिशात जायचा. १९९१ नंतर दारात व्यापारी आला, आणि त्याच्याशी घासाघीस करणारं घरात कोणी नव्हतं.

कोणी काय तपासलं

प्रकल्पाला कर्ज द्यावं का, हे जागतिक बँकेने पाहिलं आणि एप्रिल १९९३ मध्ये नकार कळवला. कारणं कागदावर होती: राज्याच्या गरजेच्या मानाने प्रकल्प फार मोठा, चोवीस तास चालवायचा म्हटला तर कोळशाची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल, आणि आयात वायू हा इथला सगळ्यात स्वस्त पर्याय नव्हे. या सगळ्या व्यवहारात दराचा प्रश्न सरळ विचारणारी संस्था ही सावकाराची होती. सावकाराला तो विचारावाच लागतो, कारण पैसे त्याचे बुडणार असतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नोव्हेंबर १९९३ मध्ये तत्त्वतः तांत्रिक-आर्थिक मंजुरी दिली, ती वीजदराचा प्रश्न बाजूला ठेवून. परकीय गुंतवणुकीची मंजुरी देणाऱ्यांनी गुंतवणूक पाहिली. पर्यावरण खात्याने पर्यावरण. मंडळाने करारातली कलमं पाहिली. प्रत्येकाने आपापला रकाना भरला आणि फाइल पुढे ढकलली. सरकारी कचेरीत खेपा घातलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल: सतरा शिक्के बसलेल्या कागदावर अठरावा शिक्का मारायला कोणाचा हात थरथरत नाही.

८ डिसेंबर १९९३ रोजी वीस वर्षांचा वीजखरेदी करार झाला. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकार देईल, अशी हमी फेब्रुवारी १९९४ मध्ये आली. राज्याने दिले नाहीत तर केंद्र देईल, अशी पहिल्या टप्प्यापुरती प्रतिहमी सप्टेंबर १९९४ मध्ये. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक ती. हमीचा प्रत्येक थर चढला तसा त्याच्या वरचा माणूस चौकशीतून मोकळा झाला. बँकेला मंडळाची ऐपत पाहायची गरज उरली नाही, कारण राज्य उभं होतं. राज्याची ऐपत पाहायची गरज उरली नाही, कारण दिल्ली उभी होती. दिल्लीमागे कोण? मीटरच्या बिलावर ज्याचं नाव असतं तो. त्याला करार वाचायलाही मिळाला नव्हता, कारण करार गुप्त होता.

न वापरलेल्या विजेचं भाडं

करारातली मेख समजायला थोडं गणित करावं लागेल. विजेच्या किमतीचे दोन भाग असतात. एक स्थिर: केंद्र उभारण्याचा खर्च, कर्जाचं व्याज, मालकाचा नफा. दुसरा बदलता: जाळलेल्या इंधनाची किंमत. भाड्याच्या गाडीसारखंच आहे. गाडी दारात उभी राहिली तरी दिवसाचं भाडं पडतं, आणि फिरवली तर डिझेल वेगळं.

दाभोळचं केंद्र ९० टक्के क्षमतेने उपलब्ध असेल तर स्थिर आकार पूर्ण द्यायचा, वीज उचला किंवा उचलू नका, असा तो करार होता. आता पहिल्या टप्प्याची पुढे ठरलेली ७४० मेगावॉट क्षमता धरू. महिनाभर अखंड चाललं तर सुमारे ५३ कोटी युनिट, ९० टक्क्यांनी ४८ कोटी. हिशेबाच्या सोयीसाठी महिन्याचा स्थिर आकार १०० कोटी रुपये आणि इंधनाचा खर्च युनिटला अडीच रुपये माना. ४८ कोटी युनिट उचलली तर स्थिर आकार युनिटला २ रुपये ८ पैसे पडतो आणि वीज साधारण ४ रुपये ६० पैशांना मिळते. मंडळाला गरज नाही म्हणून ३० टक्केच, म्हणजे १६ कोटी युनिट उचलली, तर तोच आकार युनिटला सव्वासहा रुपये होतो आणि वीज पावणेनऊ रुपयांना. हे आकडे माझे, समजावण्यापुरते. पण २००० सालच्या पावसाळ्यात दाभोळच्या युनिटला ७ रुपये ८० पैसे पडल्याचा आकडा महाराष्ट्रभर गाजला, तो आभाळातून पडला नव्हता. तो याच गणितातून आला.

खासगी वीज केंद्रांसाठी केंद्र सरकारचा १९९२ चा नियम असा होता की ६८.५ टक्के क्षमतेने चाललं तर भागभांडवलावर १६ टक्के परतावा मिळावा. त्या नियमालाही लोकांनी बरीच नावं ठेवली, पण निदान तिथे खर्चाचा पाया दिसतो. दाभोळचा दर तसा एकेक खर्च मांडून बांधलेला नव्हताच. तो वाटाघाटीतून आलेला ठोक दर होता. खर्च किती आणि नफा किती हे वेगळं करून दाखवायचं बंधनच नसेल, तर नफा जास्त आहे असं म्हणायचं कशाच्या आधारावर?

तरीही काही जणांनी ते केलं. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने १९९५ मध्ये कराराचं आर्थिक आणि तांत्रिक विश्लेषण मांडलं. गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे ही नावं वीजक्षेत्रात तेव्हापासून परिचित झाली. पदरमोड करून काम करणाऱ्या चार तरुणांनी जो हिशेब मांडला, तो मांडणं सरकारातल्या एकाही टेबलाचं काम नव्हतं.

राजकारणाने केलेलं नियमन

मार्च १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. प्रचारात एन्रॉन समुद्रात बुडवायचं वचन होतं. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द झाल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरात एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. फेरवाटाघाटीसाठी नवी समिती आली. जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्प पुन्हा जिवंत झाला, आणि जिवंत होताना वाढलाही. एकूण क्षमता २,१८४ मेगावॉट, आणि पूर्वी मंडळाच्या मर्जीवर असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने जाता जाता प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केलं.

इथे नेत्यांच्या नीयतीवर बोलून भागतं, आणि लोक तसंच बोलतात. मला दोष पद्धतीत दिसतो. मुंडे समितीने विचारलेले प्रश्न बरेचसे योग्य होते: निविदा का नाही, दर कशावरून, भांडवली खर्च इतका का. पण समितीला ना कंपनीची वही मागवण्याचा कायदेशीर अधिकार होता, ना निर्णयाची कारणं देण्याचं बंधन. म्हणून तिला करार रद्द करा म्हणता आलं, दर ठरवता आला नाही. आणि जे कारण न देता रद्द होतं, ते कारण न देता परतही येतं. राजकीय निर्णय कितीही योग्य असला तरी पुढच्या आठवड्यात तो टिकेलच असं नसतं, हे गुंतवणूकदाराला कळतं. मग तो आपल्या दरात त्या भीतीचीही किंमत लावतो. ती किंमत ग्राहकच भरतो.

न्यायालयाचं दार होतंच. पण न्यायालय करार कायदेशीर आहे का ते पाहतं, दर रास्त आहे का ते पाहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कामगार संघटनेची याचिका फेटाळली. सरकारच्या कोलांटउडीवर ताशेरे ओढले, पण करार राहिला.

गुहागरात तोवर पोलीस बंदोबस्त, अटका आणि लाठ्या चालू होत्या. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल काढला. ज्यांची वाडी, विहीर आणि मासेमारी पणाला लागली होती, त्यांनाही म्हणणं मांडायला रस्त्याशिवाय जागा नव्हती. जनसुनावणी हा शब्द अजून विजेच्या कायद्यात आलेला नव्हता.

आयोग येतो, तीन महिने उशिरा

दाभोळचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला, १९९८ च्या केंद्रीय कायद्याखाली. घोडं बाहेर पडल्यावर तबेल्याला कडी लावावी, तसंच हे. झालेला करार आयोगासमोर मंजुरीला आलाच नव्हता, त्यामुळे तो नाकारण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

तरीही आयोगाने पहिल्याच दरनिश्चितीत दोन गोष्टी केल्या, आणि नियमन म्हणजे काय हे विचारणाऱ्याला मी आधी त्या सांगतो.

पहिली गोष्ट गळतीची. वितरणात १७-१८ टक्के वीज वाया जाते, असं मंडळ वर्षानुवर्षं सांगत आलं होतं. आयोगापुढे सुनावणीत ग्राहक संघटनांनी आणि अभ्यासकांनी तो आकडा धरून ठेवला. शेतीपंपांना मीटर नव्हते, मग त्यांनी किती वीज वापरली हे मंडळाला कळलं कसं? अश्वशक्तीवरून अंदाज. तो अंदाज फुगवला की उरलेली गळती आपोआप कमी दिसते. आकडे पुन्हा मांडायला लावल्यावर गळती ३० टक्क्यांच्या वर गेली. शहरातली चोरी, कारखान्यातली चोरी, आकडे टाकून ओढलेली वीज, हे सगळं इतकी वर्षं शेतकऱ्याच्या नावावर खपत होतं. तो शोध कोणत्याही छाप्यात लागला नाही. शपथपत्रावर आकडा लिहायला लावला आणि समोरच्याला उलट प्रश्न विचारू दिला, एवढंच केलं होतं.

दुसरी गोष्ट मेरिट ऑर्डरची. आयोगाने मे २००० च्या आदेशात मंडळाला सांगितलं की वीज स्वस्ताईच्या क्रमाने घ्या, आणि तो क्रम लावताना फक्त बदलता खर्च पाहा. म्हणजे आधी चंद्रपूर, कोराडीसारखी कोळशाची केंद्रं, आणि तेव्हा नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून निघणाऱ्या महागड्या इंधनावर, चालणारं दाभोळ मागे.

यात एक चमत्कारिक उलटापालट झाली आणि ती फार थोड्यांनी समजून सांगितली. स्थिर आकार तर द्यायचाच आहे, वीज घ्या न घ्या. मग अडीच रुपयांचा नाफ्था जाळण्यापेक्षा एका रुपयाचा कोळसा जाळला तर युनिटमागे दीड रुपया वाचतो. एकूण बिल उतरतं. पण दाभोळकडून कमी युनिट उचलल्यामुळे दाभोळच्या युनिटची सरासरी किंमत वर चढते. आयोगाचा निर्णय ग्राहकाच्या फायद्याचा होता, आणि नेमक्या त्याच निर्णयाने ७ रुपये ८० पैशांसारखे आकडे जन्माला घातले. पेपरांनी मथळा आकड्याचा केला. त्यात नाफ्था महागला होता, आणि करार झाला तेव्हा ३१-३२ रुपयांना असलेला डॉलर २००१ पर्यंत ४६ च्या पुढे गेला होता. त्या दोन्ही धोक्यांचं ओझं करारानेच मंडळाच्या खांद्यावर ठेवलं होतं.

नियमनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही इथे एक कबूल करावं. आयोगाने दाभोळ स्वस्त केलं नाही. त्याला ते शक्य नव्हतं. महाग करारासह जगायचा कमीत कमी तोट्याचा मार्ग त्याने दाखवला.

मुंबई की लंडन

२००० च्या अखेरीपासून मंडळाची बिलं थकायला लागली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्र सरकारच्या प्रतिहमीवर दावा सांगितला. मधल्या काळात २८ जानेवारीला मंडळाने पूर्ण क्षमतेने वीज मागितली. करारानुसार तीन तासांत मिळायची ती मिळाली नाही, आणि मंडळाने ४०१ कोटी रुपयांचा दंड लावला. राज्याने माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा एप्रिल २००१ चा अहवाल आज वाचला तरी कळतं की समितीला खरा दोष कंपनीच्या हावेत कमी आणि आपल्या कारभारात जास्त दिसला होता. कितीतरी टेबलांवरून प्रकल्प गेला, आणि प्रत्येक टेबलावर कोणीतरी 'नाही' म्हणू शकलं असतं.

मेमध्ये गोष्टी भराभर घडल्या. कंपनीने करार संपवण्याची प्राथमिक नोटीस दिली, मंडळाने करारच रद्द ठरवला, आणि वीज केंद्र थांबलं. तंट्यासाठी करारात लंडनची लवादव्यवस्था होती. मंडळ मात्र आयोगाकडे गेलं. १९९८ च्या कायद्याने वीजखरेदी आणि तिचा दर यांचं नियमन आणि या क्षेत्रातले तंटे आयोगाकडे दिले आहेत, असं त्याचं म्हणणं. २९ मे २००१ रोजी आयोगाने कंपनीला लंडनला जायला मनाई केली. मार्च २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयोगाचा अधिकार मान्य केला.

हा क्षण दोन्ही बाजूंनी पाहायला हवा. आपल्या बाजूने पाहिलं तर लोकांच्या बिलाचा प्रश्न लंडनच्या बंद खोलीत का सुटावा? तो इथे, उघड्यावर सुटला पाहिजे. पलीकडून पाहिलं तर कंपनी म्हणणार, आम्ही करार केला तेव्हा हा आयोग अस्तित्वातच नव्हता. तुम्ही खेळ संपत आल्यावर पंच बदलताय, आणि पंचाची नेमणूकही तुमच्याच सरकारची. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेतल्या लवादाने हेच धरलं. ओपिक या अमेरिकी सरकारी विमा संस्थेविरुद्धच्या दाव्यात त्याने म्हटलं की मंडळ, आयोग आणि भारतीय न्यायालयं यांनी मिळून गुंतवणूकदारांचा लवादाचा हक्क हिरावला, आणि तो मालमत्ता हिरावण्याचाच प्रकार आहे. मला आयोगाचं पारडं जड वाटतं, पण पलीकडचा आक्षेप पोकळ नाही. खेळ सुरू होण्याआधी पंच मैदानात असता तर दोन्ही बाजूंना आरडाओरडा करावा लागला नसता.

एन्रॉन तोवर २ डिसेंबर २००१ रोजी दिवाळखोरीत गेली होती. योगायोग असा की त्याच २००० आणि २००१ च्या हिवाळ्यात तिचे व्यापारी कॅलिफोर्नियात दुसऱ्याच तऱ्हेने पैसे कमावत होते. तिथे आयोग होते, जुने आणि अनुभवी. पण १९९६ च्या कायद्याने घाऊक बाजार मोकळा सोडला होता आणि घरगुती दर गोठवले होते. वरचं दार उघडं, खालचं बंद. मधे अडकलेली पीजी अँड ई ही वीज वाटणारी कंपनी एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकेच्या केंद्रीय नियामकाने घाऊक दराला मर्यादा घालायला जूनपर्यंत वेळ घेतला. गुहागरात नियामक नव्हता, कॅलिफोर्नियात होता पण अर्ध्या बाजाराला. एकाच कंपनीने दोन्ही फटी शोधल्या.

तेच केंद्र, तोच प्रश्न

२००५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांच्याशी तडजोड झाली. एनटीपीसी (वीज) आणि गेल (वायू) या केंद्राच्या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी आली. त्याआधी २००३ चा वीज कायदा आला होता, आणि जून २००५ मध्ये वीज मंडळाचंही काम तीन कंपन्यांत वाटलं गेलं: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. नव्या कायद्याने महावितरणच्या वीजखरेदीवर आयोगाची देखरेख बंधनकारक केली. दर एकतर आयोगाने ठरवायचा किंवा पारदर्शक निविदेतून यायचा. जून १९९२ सारखा करार आज करता येत नाही, तो या कलमांमुळे.

एवढ्यावर गोष्ट छान संपली असती. पण त्या केंद्राचं नशीब विचित्र आहे.

नव्या कंपनीची ९५ टक्के वीज महावितरणने घ्यायची होती. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रातला देशी वायू २०११ नंतर आटू लागला. कंपनी म्हणाली, आयात वायूवर केंद्र चालवतो. महावितरण म्हणाली, तो महाग आहे आणि आमच्या संमतीशिवाय तुम्हाला तो वापरता येणार नाही. कंपनीने आयात वायूच्या भरवशावर केंद्र उपलब्ध असल्याचं जाहीर केलं, महावितरणने वीज उचलली नाही, आणि स्थिर आकारही नाकारला. वीज घेतली नाही, तरी भाडं द्यायचं का? वीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न, त्याच आवारातला.

या वेळी मात्र तो केंद्रीय विद्युत नियामक आयोगापुढे गेला. कागद दोन्ही बाजूंचे, सुनावणी उघड, आणि जुलै २०१३ चा आदेश कारणांसह. तो कंपनीच्या बाजूने लागला. एप्रिल २०१५ मध्ये अपीलीय न्यायाधिकरणाने तो कायम केला. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महावितरणचं अपील फेटाळलं. करारात देशी वायूबरोबर आयात वायूचाही उल्लेख होता, म्हणून केंद्र उपलब्ध होतं, म्हणून स्थिर आकार देणं भाग आहे.

म्हणजे नियमन असूनही ग्राहकाची बाजू हरली. नियामक म्हणजे ग्राहकाचा वकील, असं समजणाऱ्यांना हा निकाल खुपतो. मला तो खुपत नाही, पण करारात ते दोन शब्द लिहिताना महावितरणच्या टेबलावर कोण बसलं होतं, हे विचारावंसं वाटतं.

केंद्र २०१५ च्या अखेरीला पुन्हा चालू झालं, रेल्वेला वीज द्यायला. शेजारच्या वायू टर्मिनलची लाटरोधक भिंत पुरी झाली नव्हती, त्यामुळे पावसाळ्यात तिथे जहाजं लागत नसत. आणि महावितरणच्या बिलावर 'वीज आकार' या ओळीच्या वर 'स्थिर आकार' अशी एक ओळ असते. महिनाभर घर बंद ठेवलं तरी ती येते.